म्हातारा केलेला गोठा

माधवरावांनी छत्रीचं टोक खांबाला टेकवलं, जरासं दाबलं आणि आतून काही चावेल की काय अशा बेताने झटकन मागे घेतलं.

"बाई, हा गोठा अजून तुमच्या अंगावर पडला नाही हेच नवल."

पुतळाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चेहरा होता नव्हता तेवढा गरीब केला. "म्हंजी जुनाच ना, रावसाहेब? मी बोललेच व्हते. माज्या आजेसासऱ्यानं बांधलेला."

"जुना? जुना म्हणणं म्हणजे त्याची स्तुती झाली. ही वाळवी बघा, पायापासून आढ्यापर्यंत चढलीय. हा कोपऱ्यातला खांब कललाय. लाकूड काळं ठिक्कर. कौलांवर शेवाळ." माधवराव दोन पावलं मागे सरले. घरपट्टीच्या कचेरीतला साहेब, गिरगावातला माणूस, परळला आला की शेणातून चालताना धोतराचा सोगा हातात धरायचा, पण बोलणं नरम. "आत जनावरं बांधता, वर भात साठवता. धीट आहात."

"मंग सूट किती बसंल?" पुतळाबाईंनी हळूच विचारलं.

"कसली सूट?"

"घसाऱ्याची."

माधवराव हसले. "बाई, घसारा उभ्या इमारतीला मिळतो. पडायला आलेल्या इमारतीला हुकूम मिळतो. येत्या अमावास्येच्या आत हा गोठा उतरवा. नाही उतरवलात तर मी मजूर घेऊन येईन. आणि वाळवी लागलेलं हे लाकूड पुन्हा कुठल्याही इमारतीला लावायचं नाही. जाळा, विका, काय वाटेल ते करा."

मागे गव्हाणीपाशी लहू सुतार उभा होता. हातातला रंधा त्याने छातीशी धरला होता, पावसात पोर धरावं तसा. पुतळाबाईंच्या आजेसासऱ्याने बांधलेला हा गोठा लहूने मागल्या दिवाळीनंतर बांधला होता. गोठ्याने अजून एकही पावसाळा पाहिलेला नव्हता.

पुतळाबाईंचा गरीब चेहरा एका श्वासात उतरला आणि खरा चेहरा बाहेर आला. "थांबा! जुना कुटला? नवा हाय हो! नवा कोरा! ह्या लहूनं बांधला. विचारा त्याला!"

"होय, रावसाहेब," लहू म्हणाला. "मीच."

माधवरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आत्ता आजेसासऱ्याचा होता."

"मी खोटं बोलले."

"तेव्हा की आत्ता?" त्यांनी छत्री काखेत मारली. "पाडायचं नाव काढलं की परळातलं प्रत्येक घर नवं होतं, बाई. मला रोजचं आहे हे." आणि ते बांधावरून, सोगा सावरत, भाड्याच्या घोडागाडीकडे निघून गेले.

झालं होतं ते असं.

भोईवाड्याच्या मागे पुतळाबाईंचं भाताचं शेत. नवरा गेल्यापासून ते त्या एकट्या कसत. गडी टिकत नसत. त्यांच्या जिभेला भिऊन त्यांच्या शेतावर कावळासुद्धा उतरायच्या आधी खाली कोण उभं आहे ते बघून घेई. जुना गोठा होता तो एका वादळात आडवा झाला. नवा बांधायला त्यांनी लहूला बोलावलं, कारण लहू स्वस्त होता आणि उलट बोलत नसे.

लहू संगमेश्वराकडचा. मिसरूड फुटायच्या आत हत्यारांचं पोतं खांद्यावर टाकून मुंबईला आला आणि मिसरूड पिकेपर्यंत दुसऱ्यांची दुरुस्ती करत राहिला. कुणाचं दार कुरकुरतं, कुणाच्या खाटेचा पाय हलतो, गिरणीतल्या मागाचा दांडा मोडला, बोलवा लहूला. लालबागला एका खोलीत इतकी माणसं निजत की एकाने कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागे. गावी बायको होती, ती पटकीच्या साथीत गेली. त्याच्या हातून आख्खी इमारत, जोत्यापासून आढ्यापर्यंत, कधी झालीच नव्हती. लोक इमारतीला मोठे मिस्त्री बोलावत, लहूला त्यांच्या मागे खुंट्या तासायला ठेवत.

पुतळाबाईंनी त्याला आख्खा गोठा दिला. मजुरी थोडी, पण वर एक वचन. "खाली जनावरं, माळ्यावर भात आन् पेंढा. आन् माळ्याचा खिडकीकडचा कोपरा तुजा, लहू. मरंस्तवर. मी मेल्यावर बी."

त्या दिवसापासून लहू जे काम करायला लागला ते पाहायला माणसं थांबत. एक लोखंडी खिळा नाही. सागाचे खांब, सागाच्या तुळया, आणि प्रत्येक सांध्यात खैराची एक खुंटी, इतकी बेतशीर की ती ठोकताना लाकूड ओरडत नसे, नुसतं हुं म्हणे. माळ्याच्या खिडकीतून एका बाजूला ताडाची झाडं दिसत आणि दुसऱ्या बाजूला गिरण्यांची धुराडी. लहू संध्याकाळी तिथे नुसता बसून राही. विडीही ओढत नसे, पेंढ्याची भीती म्हणून.

मग दौलत आला.

दौलत कचेरीत शिपाई. घरपट्टीच्या साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून अर्धं राज्य तोच चालवतो अशी त्याची समजूत, आणि भोईवाड्याचीही. त्याने गोठ्याला एक फेरी मारली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं.

"पुतळाकाकी, सुंदर बांधलास. मेलीस."

"का रं?"

"इमारतीवर कर बसतो. शेतकीचा गोठा, कोठार असंल तर हलका बसतो, ते ठीक. पण खरी मजा घसाऱ्यात हाय. इमारत झिजती की नाय? जितकी झिजली तितकी करात सूट. जुन्या गोठ्याला भरपूर. आन् ह्या तुज्या नव्या नवरीला?" त्याने अंगठा दाखवला. "ठेंगा. मी साहेबांच्या तोंडून ऐकलंय, ह्या कानांनी."

पुतळाबाईंनी एका खांबावरून हात फिरवला. "म्हंजी गोठा म्हातारा पायजे."

"म्हातारा नसला तरी म्हाताऱ्यासारखा खोकला पायजे."

लहूला हे सांगितलं तेव्हा तो खाली बसला. लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरीच्या तोंडाला काजळी फासायला बापालाच सांगावं, तसं ते होतं.

"नाय गो बाय. माझ्यान् नाय व्हायचा."

"पुरा कर बसला तर मना माळा भाड्यानं द्यावा लागंल. गिरणीची माणसं ठेवीन, धा-बारा. मंग तुजी वळकटी कुटं टाकशील?"

लहूने वळकटीकडे पाहिलं. ती खिडकीखाली होती. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून, काळ्या शाईत घालतात ती, हिराकस घेऊन आला.

आणि इथे त्याच्या हातातली जन्मभराची दुरुस्ती उलटी फिरली. ज्याला जुन्याचं नवं करता येतं त्याला नव्याचं जुनं करता येणारच. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून त्याने खांब पुसले. रात्रीत ते असे काळे पडले की शंभर वर्षांच्या चुलीजवळ उभे असावेत. ओल्या पेंढ्याची धुरी देऊन तुळया कोंदट केल्या. पडलेल्या घराची कौलं आणून वर चढवली आणि त्यांवर ताक आणि पेज शिंपली. पंधरवड्यात शेवाळ धरलं. पुतळाबाईंना तेवढ्याने पुरेना.

"वाळवी पायजे, लहू."

"वाळवी आणायची कुठून?"

"आणू नको. काढ."

त्याने वारुळाची माती कालवली आणि करंगळीने खांबांवरून वाळवीच्या वाटा ओढल्या, फाटे फुटलेल्या, वळणं घेत चढणाऱ्या. त्या इतक्या हुबेहूब उतरल्या की दोन दिवसांत एक पाल त्यांच्यावर टपून बसली आणि उपाशी मरायला आली. शेवटी पुतळाबाई म्हणाल्या, एक खांब तरी कललेला दाखव. खऱ्या खांबाला लहूने हात लावला नाही. त्याने कोपऱ्यात एक जादा खांब उभा केला, ज्याच्यावर कसलाच भार नव्हता, आणि तो असा कलता रोवला की बघणाऱ्याची मान आपोआप वाकडी व्हावी.

हळूहळू गोठा खरोखरच म्हातारा झाला. आठवड्याभरात वटवाघळं राहायला आली. ती नव्या जागेत येत नसतात. रस्त्याने जाणारा एक जोगी थांबून नमस्कार करून गेला. आणि मग भोईवाड्यातल्या लोकांना गोठा आठवायला लागला. पालख्या संपल्या म्हणून रिकामा बसलेला म्हातारा धोंडू भोई एका सकाळी पुतळाबाईंच्या अंगणात येऊन म्हणाला, "लहानपणी मी ह्याच खांबाला डोकं आपटलं व्हतं. ही बग खोक." खोक खरी होती. पुतळाबाईंनी त्याला चहा पाजला, आणि आणखी दोघा-तिघांना काही काही आठवलं.

लहूला मात्र माळ्यावर झोप लागेना. अंधारात हात लांबवून तो एखादा सांधा चाचपी. वर काजळी होती, पण बोटांना आतली धार कळे. मग तो निजे.

माधवराव येऊन गेले त्यानंतर पुतळाबाईंनी खांबांवरची माती खरवडून काढली, काजळी नारळाच्या काथ्याने घासली. हिराकस निघेना, ती लाकडात मुरली होती. दौलतला धरायला गेल्या तर तो आठवडाभर कचेरीतच निजला. त्या दोनदा माधवरावांच्या गिरगावातल्या घरी जाऊन बसल्या. तिथे त्यांना पाणी मिळालं, सुपारी मिळाली आणि एकच उत्तर मिळालं.

अमावास्येच्या सकाळी माधवराव चार मजूर आणि दोरखंड घेऊन आले. मागे गणवेशातला दौलत, आयुष्यात परळ पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. बांधावर माणसं जमली. मजुरांपैकी एकाने दोर कललेल्या खांबाला टाकला.

"दोर काढ," लहू म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण त्या माणसाने दोर काढला.

लहू माधवरावांपुढे आला. हातात रंधा होता. त्याने दाराच्या खांबावरून एक पट्टा काढला. काळ्या पापुद्र्याखालून सोनेरी साग उघडा पडला. "बघा. नवा लाकूड हा."

माधवराव वाकले, बघितलं. "मिस्त्री, एक विचारतो. खरं सांगायचं. साठ वर्षांच्या सागावर रंधा मारला तर आतून कसा निघतो?"

लहूने रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"सांगा."

"असाच," लहू म्हणाला. खोटं बोलून गोठा वाचला असता, पण लाकडाबद्दल त्याला खोटं बोलता येत नसे.

"मग?"

"गाववाल्यांना विचारा!" पुतळाबाई ओरडल्या. "धोंडू, सांग रं त्यांना! गेल्या दिवाळीला हितं काय व्हतं? मोकळी जागा!"

धोंडू भोई पुढे आला. त्याने पुतळाबाईंकडे दयेने पाहिलं. "पुतळे, गोठ्यापायी देवाला कशाला फसवतेस? हितं मी खेळलोय." आणि त्याने माधवरावांपुढे टक्कल वाकवलं. "ही खोक."

त्याला काही द्यावं लागलं नव्हतं. तो खरंच बोलत होता. बांधावरच्या दोघांनी माना डोलावल्या.

"अरे तुज्या खोकेला लागली आग!" पुतळाबाईंनी हात उगारला. मजूर हसले आणि पुन्हा दोराकडे वळले.

"रावसाहेब," लहू म्हणाला, "एक घडी द्या. पुरावा आहे. खाली आहे."

"कुठे खाली?"

"पहिल्या खांबाच्या. आम्ही पहिला खांब उभा करतो तेव्हा उथळ्याखाली, म्हणजे हा खांब ज्या दगडावर बसतो ना, त्याच्याखाली मालकाकडून रुपया ठेवून घेतो. फडक्यात बांधून, हळदकुंकू लावून. माझ्या गुरूचा दंडक होता, रुपया चालू सालाचाच मागायचा. म्हणजे पुढे कधी कोण सुताराने गोठा उतरवला तर त्याला कळायला हवा, हा कधीचा. मी बायकडे तसाच मागितला होता. तो ह्या खांबाखाली आहे."

माधवरावांनी खांबाकडे पाहिलं. तो मधला होता, मोठ्या तुळईच्या पोटाखालचा. "हा काढलात तर सगळं खाली येईल."

"नाय येणार."

"आणि नवा रुपया निघाला तर?"

"तर गोठा नवा."

माधवराव वाईट माणूस नव्हते. उन्हात उभं राहून दुसऱ्याची छपरं पाडण्यात त्यांना सुख नव्हतं. "ठीक. रुपया नव्या सालाचा निघाला तर तुमची सूट गेली, वर दंड बसेल, आणि बाईंना मी चार शब्द ऐकवीन. पण गोठ्याला हात लावणार नाही. माझा शब्द."

बांधावर कुजबुज झाली. पुतळाबाई एकदम पुढे आल्या आणि त्यांनी लहूचा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे, लहू."

"काय राहू दे?"

"खांब नको काढू. तुज्या अंगावर येईल. पाडू दे त्यांना."

"बाय, तू म्हस बाहेर घे."

"माजं आयक रं…"

"म्हस बाहेर घे," लहू म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी त्याच्या जिवाला भ्याली. इतक्या वर्षांत त्याच्या जिवाला कोणी भ्यालं नव्हतं. त्याला बरंच वाटलं. पुतळाबाईंनी तोंड उघडलं, माधवरावांकडे पाहिलं, मिटलं. मग त्या म्हशीचं दावं सोडायला गेल्या. म्हैस हलेना. तिला गोठ्याच्या वयाशी कर्तव्य नव्हतं. शेवटी दोघा मजुरांनी मागून लोटलं तेव्हा ती बाहेर आली आणि माधवरावांच्या धोतराशी जाऊन उभी राहिली.

लहूने तुळईखाली दोन टेकू लावले, खांबाच्या डाव्या-उजव्या अंगाला. त्यांच्या बुडाशी पाचरी सरकवल्या. मग हातोडी घेऊन एकदा या पाचरीला, एकदा त्या पाचरीला, अगदी हलके, दार ठोठावावं तसे ठोके घालू लागला. प्रत्येक ठोक्यानंतर तो थांबे आणि कान तुळईकडे करी.

वर काहीतरी करकरलं. कौलांतून धूळ सांडली. एक वटवाघूळ भर दिवसा सुटलं आणि दौलतच्या फेट्यावरून गेलं. दौलत बांधापलीकडे दिसेनासा झाला.

"मिस्त्री, बाहेर या," माधवराव म्हणाले. "मला तुमचा जीव नको."

लहूने ऐकलं नाही. त्याचं लक्ष खांबाच्या डोक्याशी होतं. तिथे काळी रेघ होती, ती केसाएवढी रुंद झाली. आणखी एक ठोका. एक कौल निसटून त्याच्या खांद्याजवळ फुटलं. बांधावरच्या बायकांनी देवाचं नाव घेतलं. डावा टेकू जमिनीत बोटभर रुतला आणि आख्खं छप्पर, माळा, वरचं भात, लहूची वळकटी, सगळं त्या बाजूला एकदम वाकल्यासारखं झालं. लहूने खांदा टेकूला लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. पायाने त्याने आणखी एक पाचर पुढे ओढली, ती तशीच टाचेने बसवली, आणि छप्पर थांबलं.

कोणी श्वास सोडला तोही ऐकू आला.

मग त्याने खांबाच्या डोक्यातली खुंटी मारून काढली, कमरेला खोवली, खांब दोन्ही हातांनी कवटाळला आणि तळातून बाहेर फिरवला. मोठी तुळई दोन टेकूंवर तशीच राहिली. खांब त्याने आडवा निजवला. पहारीने उथळा तिरका केला. खाली ओल्या मातीत लाल फडक्याची गाठ होती.

लहू हसला. भोईवाड्यातल्या कोणी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्याला पुढचा एक दात नव्हता हे त्या दिवशी कळलं.

"घ्या, रावसाहेब. मी सोडत नाय. ठेवला तेव्हाही सोडून बघितला नव्हता. मालकाचा बांधलेला सुताराने सोडू नये."

माधवरावांनी गाठ सोडली. हळदीत माखलेला रुपया त्यांनी अंगठ्याने पुसला. मग रुमालाने पुसला. मग तो लहूच्या तळहातावर ठेवला.

लहूला अक्षर वाचता येत नव्हतं. वाचायची गरजच नव्हती. त्या काळच्या रुपयावर काय असतं हे बाजारात जाणारं कुणीही सांगू शकलं असतं: राणी. डोक्यावर मुकुट, गळ्यात माळ. ह्या रुपयावर राणी नव्हती. एका पुरुषाचं डोकं होतं, गुबगुबीत गालांचं, कुणा मेलेल्या राजाचं.

"कंपनी सरकारचा," माधवराव म्हणाले. "साठ वर्षांपूर्वीचा. माझ्या आजोबांच्या देवघरात एक होता."

लहूने मान वळवली. पुतळाबाई म्हशीच्या आडोशाला उभ्या होत्या.

"बाय?"

"नवा ठेवायला हात झाला नाय रं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "सासूच्या गाठोड्यातला व्हता. तिला तिच्या आईनं दिलेला. मना वाटलं, जुन्या चांदीत बरकत असती. गोठ्याला बरकत व्हावी." मग एकदम त्या माधवरावांवर उलटल्या. "मी ठेवला तो! ह्या हातानं, गेल्या दिवाळीनंतर! आईच्यान!"

"बाई, पुरे," माधवराव थकून म्हणाले. "गोठा नवा, वाळवी खोटी, म्हातारा खोटा, आता रुपयाही खोटा. मी काय काय खोटं मानू?" त्यांनी मजुरांना खूण केली.

मजूर उठले. लहू अजून तळहाताकडेच बघत होता. त्याला पुतळाबाईंचा राग येत नव्हता. तो राग लहू मनात शोधत होता, पण सापडत नव्हता. तिने त्याच्या गोठ्याखाली घरातलं सगळ्यात मोलाचं पुरलं होतं. आजवर त्याच्या कामाखाली कुणी काहीच पुरलं नव्हतं.

त्याने रुपया पुतळाबाईंच्या मुठीत ठेवला आणि मजुरांच्या आड आला.

"रावसाहेब, दोर नको. तुमची माणसं ओढून मोडतील. मी उतरवतो."

"एकटे?"

"चढवला एकट्याने… " लहू थांबला. "उतरवीन म्हणतो. दिवस मावळायच्या आत."

माधवरावांनी घड्याळ पाहिलं, मग झाडाची सावली पाहिली, आणि मजुरांना बसायला सांगितलं.

लहूने आधी वळकटी खाली आणली. मग भात, पुतळाबाईंनी पोत्यांत भरून घेतलं. मग कौलं. मग वरचे वासे. खुंटी मारून काढायची, सांधा सैल करायचा, लाकूड खाली द्यायचं. कुठेही फळी चिरली नाही, कुठेही लाकूड आदळलं नाही. गोठा जसा उभा राहिला होता तसाच उलटा खाली येत गेला. मजूर बसले होते ते एकेक करून उठले आणि न सांगता लाकडं झेलू लागले. पुतळाबाई प्रत्येक तुळई मोजून घेतल्यासारख्या हाताने चाचपत होत्या आणि पुटपुटत होत्या, "इमारतीला नको बोलला ना? गाडीला चालंल. पाळण्याला चालंल. ते काय बोलला नाय."

धोंडू भोई रडत होता. त्याचं बालपण खाली येत होतं.

माधवराव हळूहळू जवळ आले. उतरवलेल्या तुळईच्या टोकाशी ते वाकले, आणि तो कापलेला सांधा त्यांनी चष्मा वर करून पाहिला. मग त्याच्या जोडीचा खांब ओढून घेतला आणि दोन्ही स्वतःच्या हाताने एकात एक बसवून बघितले. ते बसले. त्यांनी काढले. पुन्हा बसवले.

"मिस्त्री, इकडे या. हे पाहिलंत?"

लहू आला.

"नख शिरत नाही हो. एक खिळा नाही आख्ख्या गोठ्यात. साठ वर्षं!" त्यांच्या आवाजात आता कचेरी नव्हती. "आता कुठे असं काम? आता सगळे ठोकाठोकी करतात आणि मजुरी मागतात. तुम्ही सुतार आहात, तुम्हांला कळेल. कोण असेल हो हा माणूस?"

पुतळाबाईंच्या हातातलं पोतं खाली पडलं. "अरे तो हाच…"

"बाय," लहू म्हणाला.

त्यांनी पोतं उचललं.

लहूने तुळईवरची धूळ तळहाताने पुसली. "असेल कोण तरी," तो म्हणाला. "नाव कोण ठेवतो सुताराचा."

"खरं आहे. मेला असेल कधीच." माधवरावांनी उसासा टाकला. खाली ढिगातली एक खुंटी त्यांनी उचलली, खैराची, गर्द तांबडी, चारही बाजूंनी सारखी तासलेली. "ही एक नेऊ का? घरी कपाटात ठेवीन. पोरांना दाखवता येईल, पूर्वीचे लोक कसं काम करत ते." मग त्यांना शंका आली आणि त्यांनी ती जरा लांब धरली. "हिला वाळवी नाही ना?"

लहूने ती त्यांच्या हातातून घेतली, धोतराला दोन्ही अंगांनी स्वच्छ पुसली आणि जाड टोक त्यांच्याकडे करून परत दिली.

"नाय रावसाहेब," तो म्हणाला. "हिला नव्हती."

मग त्याने वळकटी खांद्यावर टाकली आणि लालबागच्या वाटेला लागण्याआधी, जिथे पहिला खांब होता तो खड्डा पायाने नीट बुजवला, म्हणजे अंधारात म्हशीचा पाय अडकायला नको.